घाटात दम सोडणारी गाडी आणि स्कॅनरवरचे आकडे

मागच्या मे महिन्यात केजचे एक सर गाडी घेऊन माझ्याकडं आले. १.२ लिटरची पेट्रोल गाडी, नव्वद हजारांवर पळालेली. म्हणाले, "मिस्तरी, गावात गाडी एकदम बरोबर चालायलीय. पण बीडहून घराकडं निघालो की मांजरसुंब्याच्या घाटात दम सोडायलीय. तिसऱ्यात ओढंना, दुसऱ्यात टाकावं लागायलंय. आन् ही इंजिनची पिवळी लाईट काय विझंना." सोबत प्लास्टिकच्या पिशवीत बिलं होती. ऑक्सिजन सेन्सर नवा. चारही प्लग नवे. थ्रॉटल बॉडीची सफाई, इंजेक्टरची सफाई. शेवटी पेट्रोल पंपसुद्धा नवा. बेरीज बावीस हजारांच्या पुढं गेलेली, आणि लाईट दर वेळी आठ-दहा दिवसांत परत लागत होती.

हे सगळं झालं होतं स्कॅनरनं दाखवलेल्या बिघाडाच्या एका कोडवरून : पी-०१७१.

बीडमध्ये बार्शी रोडला मी बावीस वर्षं गाड्यांचं काम करतोय. अशी पिशवी घेऊन येणारी माणसं महिन्याला दोन-चार तरी भेटतात. त्यांत शिक्षक असतात, मोंढ्यातले हमाल असतात, ऊसतोडीची उचल घेऊन जुनी गाडी घेतलेले मुकादम असतात. त्यांचा पैसा असा पार्टमागून पार्टमध्ये जाताना बघवत नाही. नवीन पोरांनी स्कॅनर घेतला की कोड वाचतात, मोबाईलवर त्याचा अर्थ शोधतात आणि पहिलं नाव दिसेल तो पार्ट मागवतात. त्याच स्कॅनरमध्ये 'लाईव्ह डेटा' नावाचं पान असतं. ते पान कसं वाचायचं, हे सरांच्या गाडीवरूनच सांगतो.

आधी त्या कोडचा अर्थ बघू. पी-०१७१ एवढंच सांगतो की इंजिनातल्या मिश्रणात हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतंय आणि ते भरून काढता काढता ईसीएम, म्हणजे गाडीचा कॉम्प्युटर, आपल्या मर्यादेला टेकलाय. कमी का पडतंय, हे तो सांगत नाही. कुठून तरी जादा हवा शिरत असेल. पेट्रोलच कमी येत असेल. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन मोजणाऱ्या सेन्सरच्या आधी एक्झॉस्टला चीर असेल आणि तिथून बाहेरची हवा ओढली जाऊन सेन्सर फसत असेल. सेन्सर खरंच बिघडलेला असणं हे या यादीत शेवटी येतं. सरांच्या गाडीतला जुना सेन्सर बिचारा खरं तेच बोलत होता, आणि बदलला गेला तोच.

हत्यार काय लागतं? स्टेअरिंगच्या खाली, ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ स्कॅनर जोडायचं सोळा पिनांचं सॉकेट असतं. अमेरिकेत १९९६ पासून सगळ्या नव्या गाड्यांना ते सक्तीचं झालं. आपल्याकडं बीएस-४ या प्रदूषणाच्या नियमांतल्या गाड्यांना ओबीडीचा, म्हणजे गाडीनं स्वतःचा बिघाड ओळखून नोंदवायच्या यंत्रणेचा, पहिला टप्पा एप्रिल २०१० पासून आणि दुसरा टप्पा एप्रिल २०१३ पासून लागू झाला. त्यामुळं २०१३ नंतरच्या गाडीत कोणताही साधा ओबीडी स्कॅनर बोलायला हवा. बोलत नसेल तर पिन १६ वर बॅटरीचं प्लस आणि पिन ४ व ५ वर अर्थिंग, म्हणजे बॅटरीचं मायनस, येतंय का ते मीटरनं बघा. बऱ्याच गाड्यांत लायटरच्या सॉकेटचा फ्यूज उडाला की हे सॉकेटही मरतं. मोबाईल चार्जर लावून लावून तो फ्यूज उडालेला मी कितीदा पाहिलाय.

घरच्या घरी बघणाऱ्याला ब्लूटूथचं डोंगल आणि मोबाईलवरचं अॅप पुरतं. फक्त एकदम वीस आकडे स्क्रीनवर घेऊ नका. स्वस्त डोंगल एकेक आकडा विचारत जातं, यादी लांबली की प्रत्येक आकडा उशिरा येतो आणि मधला झटका निसटून जातो. पाच-सहा आकडे घ्या आणि ते ग्राफवर लावा. दुसरं म्हणजे, साध्या ओबीडी मोडमध्ये सेन्सरचं खरं माप दाखवायचा नियम आहे. कंपनीच्या खास मोडमध्ये मात्र सेन्सर मेला की कधी कधी ईसीएमनं मनानं धरलेला आकडा दिसतो. इंजिन थंडगार आहे आणि स्क्रीनवर कुलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं पाणी, ८० अंश दिसतंय, असं झालं तर एकदा साध्या मोडमध्ये जाऊन बघा.

आता पहिलं काम. कोड पुसू नका. गाडी आली की आधी कोड पुसायचा आणि 'बघू परत येतो का' म्हणायचं, ही आपल्याकडं फार वाईट खोड आहे. कोडबरोबर फ्रीज फ्रेम असते. लाईट लागली त्या क्षणाचा तो पंचनामा असतो. पुसलं की पंचनामा गेला, आणि बऱ्याच गाड्यांत ईसीएमनं महिनाभरात शिकलेले आकडेही गेले. सरांच्या गाडीच्या फ्रीज फ्रेममध्ये असं होतं : आरपीएम २,६५०, वेग ५८, इंजिन लोड, म्हणजे इंजिनावरचा भार, ७८ टक्के, कुलंट ९१ अंश. म्हणजे लाईट सिग्नलला उभं असताना लागलेली नव्हती, गाडी गरम होऊन जोरात ओढत असताना लागली होती. सर घाटाचं सांगत होते, तेच कागदावर आलं. तीन गॅरेजमध्ये हे पान कुणी उघडलंच नव्हतं, कारण प्रत्येकानं पहिल्या मिनिटाला ते पुसलं होतं.

मी सरांना गाडी रात्रभर ठेवायला सांगितलं. थंड गाडीवर सकाळी चावी फक्त ऑन करून, इंजिन चालू न करता जे आकडे मिळतात, ते मला सगळ्यांत जास्त विश्वासाचे वाटतात. कारण त्या वेळी खरं उत्तर आपल्याला आधीच माहीत असतं. रात्रभर उभ्या गाडीत कुलंटचं तापमान, आत येणाऱ्या हवेचं तापमान आणि बाहेरची हवा ही तिन्ही दोन-चार अंशांच्या फरकात सारखी हवीत. मे महिन्यात पहाटे २८-२९ असतं, तर दोन्ही सेन्सरनी तेच सांगायला हवं. एखादा उणे ४० सांगत असेल तर वायर तुटली किंवा कपलर निघालाय. आमच्याकडं तर ऊस निघाला की शेतातले उंदीर गाड्यांत येतात आणि वायरी कातरतात, तेव्हा उणे ४० दिसलं की मी आधी टॉर्च घेऊन इंजिनखाली बघतो.

त्याच वेळी मॅप सेन्सर बघायचा. हा इनटेक मॅनिफोल्डमधला दाब सांगतो. इंजिन बंद असताना तिथं बाहेरच्या हवेचाच दाब असतो. पुस्तकात १०१ किलोपास्कल लिहिलेलं असतं, पण ते समुद्रकाठचं. बीड पाचशे मीटरवर आहे, इथं ९५ च्या आसपास दिसतं. माझ्याकडं शिकायला आलेल्या एका पोरानं ९५ बघून चांगला मॅप सेन्सर खराब ठरवला होता. आपल्या गावाचा आकडा दोन-तीन धडधाकट गाड्यांवर बघून भिंतीवर लिहून ठेवा.

बॅटरी उभ्या गाडीत १२.४ ते १२.६ व्होल्ट, स्टार्टर मारताना दहाच्या खाली जाऊ नये, इंजिन चालू झाल्यावर साधारण १३.८ ते १४.५. स्टार्टर मारताना आरपीएमचा आकडाही बघा. इंजिन फिरतंय, पण स्क्रीनवर आरपीएम शून्यच, आणि गाडी चालू होत नाही, तर क्रँक सेन्सर, म्हणजे इंजिन फिरतंय हे सांगणारा सेन्सर, किंवा त्याची वायर हा पहिला संशय. सरांच्या गाडीत हे सगळं ठीक होतं. चालू केल्यावर आयडलला, म्हणजे एक्सलेटर न दाबता इंजिन नुसतं चालू असताना, मॅप ३४ वर बसला. गरम पेट्रोल इंजिनाला एसी बंद असताना तीस ते चाळीस हा चांगला आकडा.

आता मुख्य गोष्ट, फ्यूल ट्रिम. हे एकदा नीट समजलं की अर्ध्या गाड्या सापडतात, म्हणून इथं जरा थांबतो.

आई भाकरीचं पीठ मळते तेव्हा पाणी मोजून घेत नाही. हाताला पीठ कोरडं लागलं की थोडं पाणी, सैल लागलं की चिमूटभर पीठ. ऑक्सिजन सेन्सर म्हणजे हाताला लागणं, आणि त्यावर लगेच होणारी दुरुस्ती म्हणजे शॉर्ट टर्म ट्रिम. पण नव्या गिरणीचं पीठ आठ दिवस सलग जास्त पाणी पीत असेल, तर आई नवव्या दिवशी सुरुवातीलाच जास्त पाणी घेते. ते झालं लाँग टर्म ट्रिम. आकडा टक्क्यात असतो. अधिक म्हणजे ईसीएम जादा पेट्रोल घालतोय, कारण मिश्रण कोरडं पडतंय. उणे म्हणजे पेट्रोल कमी करतोय. दोन्हींची बेरीज करून बघायची. पाचपर्यंत अधिक किंवा उणे, गाडी निरोगी. दहापर्यंत चालेल. त्यापुढं कारण शोधायचं. वीस-पंचवीसच्या आसपास ईसीएम हात टेकतो आणि लाईट लावतो.

इथं एक नवीन गोष्ट लक्षात ठेवावी लागते. शुद्ध पेट्रोलला एक किलोमागं १४.७ किलो हवा लागते. दहा टक्के इथेनॉल असेल तर साधारण १४.१, आणि वीस टक्के असेल तर साधारण १३.५. आपल्याच भागातल्या उसाचं इथेनॉल आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के असतं. म्हणजे दहा टक्क्यांच्या हिशेबानं बनलेल्या जुन्या गाडीला तेवढ्याच हवेत चारेक टक्के जास्त इंधन घालावं लागतं. तिच्यात काहीही बिघडलेलं नसताना लाँग टर्म अधिक ४, अधिक ५ दिसू शकतं. ते बघून इंजेक्टर उघडत बसू नका.

ट्रिमचा आकडा एका ठिकाणी बघून काही कळत नाही. तीन ठिकाणी बघायचा : आयडलला, उभ्या गाडीत २,५०० आरपीएम धरून, आणि रस्त्यावर गाडी ओढत असताना. आयडलला ट्रिम जास्त आणि रेस केल्यावर खाली आलं, तर कुठून तरी चोरून हवा येतेय. आयडलला इंजिनाला हवा थोडीच लागते, म्हणून चोरीची हवा तिथं ठळक दिसते. रेस केल्यावर खरी हवाच इतकी असते की चोरी त्यात बुडून जाते. फाटलेला व्हॅक्यूम पाईप, इनटेकचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरचा पाईप, हे बघायचं. मात्र हा नियम एअर फ्लो सेन्सरच्या गाडीचा आहे, जिथं आत येणारी हवा सेन्सर मोजतो आणि चोरीची हवा त्याच्या मागून शिरते. आपल्याकडच्या बऱ्याच छोट्या पेट्रोल गाड्या मॅपवर चालतात. तिथं चोरीच्या हवेनं दाबच वाढतो, मॅपला ते कळतं आणि ईसीएम त्या हिशेबानं पेट्रोल घालतो. म्हणून ट्रिम फारसं हलत नाही. त्याऐवजी आयडल चढलेलं दिसतं, मॅपचा आकडा पन्नासकडं सरकलेला असतो. आपली गाडी कोणत्या जातीची आहे ते आधी बघा. हे न बघता मी स्वतः एका गाडीवर दोन दिवस घालवलेत.

उलट, आयडलला ट्रिम बरं आणि जोर लावला की वाढत जातं, तर पेट्रोल पुरत नाही. आयडलला कपभर लागतं तेवढं मिळतं, घाटात तांब्याभर लागतं तेव्हा नळ बारीक पडतो. एअर फ्लो सेन्सर धुळीनं माखला असेल तरी असंच दिसतं, पण मॅपच्या गाडीत तो प्रश्नच येत नाही. ट्रिम उणे दहाच्या खाली असेल तर गळका इंजेक्टर, उघडा राहिलेला पर्ज व्हॉल्व्ह (टाकीतली पेट्रोलची वाफ इंजिनात सोडणारा) किंवा इंजिन गरम असताना थंड सांगणारा कुलंट सेन्सर शोधायचा.

सरांच्या गाडीचे आकडे : आयडलला बेरीज अधिक ६. उभ्यानं २,५०० ला अधिक ९. एवढ्यावर कुणी म्हणेल, बरंय की. म्हणून घाटात जावंच लागतं.

सर स्टेअरिंगवर, मी शेजारी स्कॅनर घेऊन. चालवणाऱ्यानं स्क्रीनकडं बघायचं नाही, हा माझ्याकडं नियम आहे. एकटे असाल तर रेकॉर्डिंग लावा आणि नंतर घरी बघा. घाट सुरू झाला, गाडी तिसऱ्यात, सरांनी एक्सलेटर हळूहळू दाबला. ट्रिम अधिक १४, अधिक १९, अधिक २३. मग मी त्यांना एक्सलेटर पूर्ण दाबायला सांगितलं. पूर्ण दाबल्यावर ईसीएम बहुतेक वेळा सेन्सरचं ऐकणं थांबवतो आणि मुद्दाम पेट्रोल जास्त घालतो, त्यामुळं ट्रिमकडं बघून उपयोग नसतो. तेव्हा नजर पुढच्या ऑक्सिजन सेन्सरवर ठेवायची. साधा सेन्सर असेल तर एरवी तो ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये वर-खाली नाचत असतो आणि पूर्ण एक्सलेटरला ०.८ च्या वर जाऊन थांबायला हवा. इथं तो ०.१ ला जाऊन चिकटला आणि गाडी सपाटीला येईपर्यंत उठलाच नाही. पूर्ण जोरात असताना इंजिन पेट्रोलवाचून तडफडत होतं. गाडीत वाईडबँड सेन्सर असेल तर व्होल्टऐवजी लॅम्बडा बघा. १ म्हणजे बरोबर, १ च्या वर म्हणजे कोरडं.

परत गॅरेजला येऊन फ्यूल प्रेशरचा गेज लावला. इंजिन थोडं थंड होऊ द्या, लाईनमधला दाब सोडा, अग्निशामक जवळ ठेवा आणि मग पाईप काढा. आयडलला ३ बार, त्या गाडीला बरोबर तेवढंच हवं होतं. गेज काचेला बांधून एक चक्कर मारली, तर जोरात १.९ पर्यंत उतरलं.

सर म्हणाले, "अहो, पण पंप तर महिन्याखालीच नवा टाकलाय." इथंच मागच्या मिस्तरीनं हात टेकले असतील. त्याचा अंदाज चुकीच्या गल्लीतला नव्हता, पेट्रोल खरंच कमी येत होतं. पण पंपाला काम करायला काय मिळतंय, ते त्यानं मोजलं नव्हतं.

स्कॅनर इथपर्यंतच आणतो. पुढं मल्टीमीटर. मागची सीट उचलली, पंपाचा कपलर जागेवर ठेवूनच मागून सुई घातली. हे फार महत्त्वाचं आहे. कपलर काढून मोजलं तर करंटच वाहत नाही आणि गंजलेली वायरही पूर्ण व्होल्ट दाखवते. पंप चालू असताना बॅटरीवर १३.९ आणि पंपावर १०.६. मधले ३.३ व्होल्ट कुठंतरी खाल्ले जात होते. मग मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर, दुसरी पंपाच्या प्लसवर : ०.३. हे चालतं. एक सुई बॅटरीच्या मायनसवर, दुसरी पंपाच्या अर्थिंगवर : ३.०. अर्थिंगची वायर धरत धरत गेलो, तर सीटखाली बॉडीला कसलेला दहाचा बोल्ट हिरवा-पांढरा फुलून आलेला. कार्पेट दाबलं तर ओलं.

मी विचारलं, "सर, मागं पाणी नेता का?" त्यांच्या गल्लीत नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येतं. उन्हाळाभर ते प्यायच्या पाण्याचे वीस लिटरचे जार मागच्या बाजूला ठेवून आणत होते. झाकणातून सांडलेलं पाणी कार्पेटखाली मुरत होतं. आमच्या भागात हे किती गाड्यांत चालत असेल, कुणास ठाऊक. तेव्हापासून उन्हाळ्यात आलेल्या प्रत्येक गाडीचं मागचं कार्पेट मी हातानं दाबून बघतो.

बोल्ट काढला, पत्रा चमकेपर्यंत घासला, वायरला नवा लग दाबला, कसून वर व्हॅसलीन लावलं. कार्पेट दिवसभर उन्हात वाळवलं. पार्टचा खर्च शंभराच्या आत.

असाच छडा कुलंटच्या आकड्यावरही लागतो, आणि मराठवाड्यात त्याची फार गरज आहे. रेडिएटरमध्ये बोअरचं क्षाराचं पाणी ओततात. क्षार साचतो, गाडी तापते, मग कुणीतरी थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन गरम झाल्यावर रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, काढून फेकतो आणि म्हणतो, आता तापणार नाही. थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो, इंजिन नव्वदच्या आसपास चालावं म्हणूनच तो तिथं असतो. तो काढलेल्या गाडीत हायवेवर कुलंट ६२-६५ च्या वर जात नाही. ईसीएमला वाटतं इंजिन अजून थंड आहे, तो पेट्रोल जास्त घालत राहतो, अॅव्हरेज पडतं, ऑइल लवकर खराब होतं आणि पी-०१२८ कोड येतो. काटा मध्यावर दिसत असला तरी भरवसा ठेवू नका, कित्येक गाड्यांचा काटा मोठ्या टप्प्यात हलतच नाही. ग्राफ लावा. थंड इंजिन चालू केल्यावर रेघ चढत जाऊन नव्वदच्या आसपास सपाट व्हायला हवी. आणि गाडी खरोखर तापत असेल तर ती कधी तापते ते बघा. उभी असताना तापते आणि पळताना उतरते, तर फॅन, त्याचा रिले, रेडिएटरसमोरचा कचरा. पळताना चढत जाते, तर रेडिएटर आतून बुजलाय किंवा पाणी फिरत नाही. अर्धवट भरलेला रेडिएटर असेल तर सेन्सर वाफेत राहून भलतंच सांगतो, तेव्हा आधी पाणी बघा. मात्र गरम इंजिनाचं झाकण उघडायचं नाही. हात पोळलेली पोरं मी पाहिलीत.

डिझेलची गोष्ट वेगळी, तिथं ट्रिम नसतं. तिथं रेल प्रेशरचे, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल देणाऱ्या नळीतल्या दाबाचे, दोन आकडे शेजारी शेजारी ठेवायचे : ईसीएम मागतोय किती आणि मिळतंय किती. आयडलला अडीचशे-तीनशे बार, आणि स्टार्टर मारताना दीड-दोनशेपर्यंत चढल्याशिवाय बऱ्याच गाड्यांत इंजेक्टर उघडतच नाहीत. सकाळी स्टार्टर मारून मारून बॅटरी संपतेय आणि रेल प्रेशर सत्तर-ऐंशीच्या वर जाईना, तर लगेच हाय प्रेशर पंपाला हात घालू नका. आधी डिझेल फिल्टर आणि त्यातलं पाणी. मग चारही इंजेक्टरच्या रिटर्नला, म्हणजे उरलेलं डिझेल परत जातं त्या नळ्यांना, बाटल्या लावा. एकीत भराभर डिझेल जमा होत असेल तर तो इंजेक्टर दाब गिळतोय.

मिसफायरचा कोड असेल, समजा पी-०३०२, म्हणजे दुसरा सिलिंडर, तर त्याची कॉइल तिसऱ्याला लावा, तिसऱ्याची दुसऱ्याला. लाईव्ह डेटात मिसफायरची मोजणी तिसऱ्याकडं गेली तर कॉइल, दुसऱ्यालाच राहिली तर प्लग, मग इंजेक्टर, मग कम्प्रेशन. बाहेरून सीएनजी किट बसवलेली गाडी आली तर ट्रिम आधी पेट्रोलवर आणि मग गॅसवर, वेगवेगळं लिहून घ्या. गॅसवर अधिक १८ आणि पेट्रोलवर अधिक ३ असेल तर इंजिनाला हात लावायचं कारण नाही, गॅसचा फिल्टर आणि किटचं सेटिंग बघा.

सरांच्या गाडीचं काम झाल्यावरही मी लगेच चावी दिली नाही. आता कोड पुसला, रात्रभर गाडी उभी ठेवली, सकाळी थंड आकडे परत घेतले आणि सरांना घेऊन तोच घाट, तोच तिसरा गिअर. पंपावर १३.५ व्होल्ट, जोरात प्रेशर ३ बारवरून हललं नाही. एक्सलेटर पूर्ण दाबला तेव्हा सेन्सर ०.८६ ला जाऊन थांबला. सर काही बोलले नाहीत, त्यांनी गाडी तशीच तिसऱ्यात वर नेली आणि मांजरसुंब्याच्या चौकात चहाला थांबवली. कोड पुसल्यावर ट्रिम शून्यापासून शिकायला लागतं, म्हणून लाँग टर्मचा खरा आकडा बघायला त्यांना पंधरा दिवसांनी परत बोलावलं. आयडलला अधिक ४, २,५०० ला अधिक ५, घाटात अधिक ५. माझ्या वहीत त्या गाडीच्या पानावर हेच तीन आकडे तारीख घालून लिहिलेत, आणि पाण्याचे जार आता सर मोठ्या प्लास्टिकच्या टबात ठेवून आणतात.